काळी पाच, दोन मिनिटं आणि एक माइक

गणपतीचे दहा दिवस आणि पुढेमागे येणारी २८ सप्टेंबर, म्हणजे लताबाईंचा जन्मदिवस (त्यांचा जन्म आपल्या इंदूरचाच, १९२९ चा). या दिवसांत राजेंद्र नगरपासून रामबागेपर्यंत कुठल्याही मांडवात डोकावलं तर सात-आठ वर्षांचं एखादं मूल माइक घेऊन उभं असतं. मागे कराओके ट्रॅक वाजत असतो आणि तो बहुतेक वेळा लताबाईंच्याच मूळ पट्टीतला असतो. मुखडा छान होतो. अंतरा वर चढतो, तशी मान ताणली जाते, खांदे उचलले जातात आणि तार सप्तकातला स्वर कसाबसा शिवून मूल खाली येतं. टाळ्या पडतात, कारण मूल गोड असतं. हेच मूल पुढे टीव्हीच्या ऑडिशनला जातं आणि त्याच जागी अडकतं.

मुलांच्या तयारीतली सगळ्यात मोठी गोष्ट पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीच्या कुठल्या स्वरावर धरायचा ते. आलाप, हरकती, हावभाव, कपडे, सगळं तिच्यानंतर. मुलांना टीव्हीवर गायला लावण्याचा उद्योग जिथे सर्वांत आधी भरभराटीला आला, त्या अमेरिकेतल्या जुन्या व्हरायटी शोंची (गाणी, नाच, विनोद अशा मिश्र कार्यक्रमांची) चित्रफीत पाहिली की हे चटकन कळतं.

१९५५ च्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी ‘द लॉरेन्स वेल्क शो’मध्ये लेनन भगिनी पहिल्यांदा आल्या. चौघी बहिणी, थोरली १६ वर्षांची आणि धाकटी जॅनेट ९ वर्षांची. १९६२ च्या डिसेंबरात अँडी विल्यम्सच्या कार्यक्रमात ऑस्मंड भाऊ आले. तेही चौघं, ७ ते १३ वयाचे, बार्बरशॉप पद्धतीने एकमेकांच्या सुरांना चिकटून गाणारे. या पद्धतीत वाद्यांचा आधार नसतो. एक छोटी सुरांची पिपाणी फुंकायची, आपापला स्वर धरायचा आणि निघायचं. पिपाणी कुठला स्वर देणार, हे चौघांच्या गळ्यांकडे बघून आधी ठरलेलं असतं. ‘एड सुलिव्हन शो’मध्ये रे ब्लॉक यांचा अख्खा ऑर्केस्ट्रा स्टुडिओत हजर असायचा. गायकाची पट्टी बदलली तर कागदावरची स्वरलिपी नव्याने लिहिली जायची. ते खर्चाचं, वेळखाऊ काम होतं, तरी केलं जायचं. आज मोबाइलवर एक बटण दाबून पट्टी खाली येते, आणि तेवढंही आपण करत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

आता पट्टी काढायची कशी, ते सविस्तर बघू.

पेटीसमोर बसा. (पांढरी एक म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, काळी पाच म्हणजे पाचवी काळी. खालीवर मोजताना मधल्या काळ्याही धरायच्या.) मधल्या सप्तकाच्या पांढरी चारपासून मुलाला ‘आ’कारात एकेक स्वर खाली उतरवा. आवाज हवेसारखा पोकळ होऊ लागला की त्याच्या आधीचा स्वर लिहून ठेवा. मग तसंच वर चढवा. हनुवटी उचलली गेली किंवा आवाज अचानक जाड झाला की त्याच्या आधीचा स्वर लिहा. पाच-दहा वर्षांच्या मुलामुलींमध्ये फारसा फरक नसतो. समजा, खालचा आरामाचा स्वर मधल्या पांढरी एकच्या लगेच खालची पांढरी सहा निघाला आणि वरचा निघाला तार सप्तकातली पांढरी दोन. हा झाला गळ्याचा पल्ला.

मग गाण्याचा पल्ला काढा. गाणं मंद्र शुद्ध निषादापर्यंत (‘सा’च्या लगेच खालच्या ‘नी’पर्यंत) उतरतं आणि तार ऋषभापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘रे’पर्यंत) चढतं असं धरू. ट्रॅक पांढरी एकमध्ये आहे. म्हणजे तार ऋषभ नेमका पांढरी दोनवर, मुलाच्या शेवटच्या स्वरावर. सकाळी घरी, शांत डोक्याने तो निघतो. आई-बाबांना वाटतं, झालं की! पण रेकॉर्डिंग संध्याकाळी असतं. मूल चार तास कपडे चढवून बसलेलं असतं, घसा कोरडा असतो, समोर दिवे असतात. शेवटचा स्वर सगळ्यात आधी जातो. तोच ट्रॅक दोन पट्ट्या खाली, काळी पाचवर आणा. आता तार ऋषभ पांढरी एकवर आला आणि वर दोन पट्ट्यांची मोकळी जागा राहिली. मंद्र निषाद पांढरी सहावर बसला, तोही आवाक्यात. वर दोन पट्ट्या शिल्लक राहतील असाच ‘सा’ घ्या. खाली शून्य शिल्लक चालते, कारण खालचा स्वर हलका आला तर माइक सांभाळून घेतो. वरचा फाटला तर कुणीच सांभाळू शकत नाही.

ट्रॅकची पट्टी सॉफ्टवेअरने बदलताना दोन पट्ट्यांपर्यंत कानाला खटकत नाही. तीनला ढोलक-तबल्याचा नाद बदलू लागतो, त्यापुढे व्हायोलिनं रबरासारखी वाटतात. जास्त खाली यायचं असेल तर ट्रॅक नव्याने वाजवून घ्या, किंवा सरळ पेटी-तबल्यावर गा. मांडवात तर पेटी-तबलाच बरा. पेटीवाले काका मुलाच्या श्वासासाठी अर्धी मात्रा थांबतात, ट्रॅक कधीच थांबत नाही.

इथे एक फसवी जागा आहे. जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांची गाणी पुष्कळ जण टीव्हीवरून किंवा डीव्हीडीवरून घेतलेल्या चित्रफितींवर शिकतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडची पाल पद्धतीची टीव्ही यंत्रणा २५ ने. चित्रपट त्या वेगाने चालवला की गाणं चार टक्के जलद होतं आणि सूरही चढतो. किती? लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या सुमारे सत्तर टक्के. म्हणून ते गाणं पेटीवर लावायला गेलं की धड काळीवर बसत नाही, धड पांढरीवर. मुलाच्या कानात मात्र तोच चढा सूर पक्का बसलेला असतो. अमेरिकन शोंच्या फार जुन्या फिती, १९५६ मध्ये व्हिडिओटेप येण्याआधीच्या, पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून उतरवलेल्या आहेत. त्यांच्या सुरावरही भरवसा ठेवू नये. शिकवण्याआधी ट्यूनर ॲपवर (सूर मोजणाऱ्या ॲपवर) षड्ज, म्हणजे ‘सा’, तपासा आणि मुलाला तपासलेल्या, सरळ केलेल्या ध्वनिफितीवरच शिकवा.

पट्टीनंतर गाण्याची लांबी. दहा इंची ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मावायची. आपल्या शेजारच्या देवासचे कुमार गंधर्व लहानपणी अशा तबकड्यांवरची गाणी ऐकून हुबेहूब गात. (नक्कल तिथेच थांबली नाही, पुढे ते देवधर मास्तरांकडे शिकायला गेले, हे पालकांनी विसरू नये.) व्हरायटी शोमधला एका कलाकाराचा वेळही साधारण तेवढाच, आणि आताच्या ऑडिशनला जेमतेम दोन मिनिटं. दोन मिनिटांत गाणं बसवायचं तर कात्री मात्रांच्या हिशेबाने लावावी लागते.

केरवा ताल मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत असेल तर आठ मात्रांचं आवर्तन ४ सेकंदांचं, म्हणजे दोन मिनिटांत ३० आवर्तनं. सुरुवातीचा छोटा आलाप दोन आवर्तनांएवढा. वाद्यांचा सुरुवातीचा तुकडा कापून दोन आवर्तनं. मुखडा दोनदा, आठ. मधलं संगीत चार. अंतरा आठ. पुन्हा मुखडा चार. तिहाई (एकच तुकडा तीनदा) धरून शेवट दोन. झाली तीस. मधलं संगीत चारच्या खाली नेऊ नका. मुलाला तिथेच खोल श्वास मिळतो, लाळ गिळता येते. पालक नेमकं तेच कापतात आणि तो वेळ दुसऱ्या अंतऱ्याला देतात, मग दुसरा अंतरा धापा टाकत होतो. लय ठरवताना मूळ गाण्यापेक्षा किंचित जलद चालेल, संथ नको. मुलाच्या छातीत मोठ्या माणसाएवढी हवा नसते. संथ लयीत ओळ मध्येच तुटते, आणि शब्दाच्या पोटात तुटते.

गाण्याची दीड मिनिटाची दुसरी आवृत्तीही तयार असू द्या. सुलिव्हनच्या शोमध्ये रविवारी दुपारी प्रेक्षकांसमोर पूर्ण रंगीत तालीम व्हायची आणि रात्री ८ ला थेट प्रक्षेपण. मधल्या तासांत क्रम बदलायचा, गाणी आखडली जायची. आजही स्टुडिओत ऐन वेळी ‘अंतरा काढा’ असं सांगतात. ज्या मुलाने छोटी आवृत्ती कधी गायलेलीच नसते, ते तिथे गोंधळतं, आणि लोक समजतात ते घाबरलं.

ऑडिशनमध्ये पहिली फेरी बहुधा वाद्यांशिवाय असते. मूल घाबरलेलं असलं की हमखास एक-दोन पट्ट्या वर सुरू करतं. मुखड्यात कुणाच्या लक्षात येत नाही, अंतऱ्यात गाणं हाताबाहेर जातं. उपाय ऑस्मंड भावांच्या पिपाणीचाच आहे, फक्त पिपाणी नाही. आत जायच्या आधी बाहेर तानपुऱ्याच्या ॲपवर काळी पाच लावून मुलाच्या कानाशी धरा. मग त्याला गाण्यातला सगळ्यात खालचा स्वर तोंड मिटून गुणगुणायला लावा आणि आत गेल्यावर गाण्याआधीही तेच करायला सांगा. खालचा स्वर आरामात सापडला तर षड्ज बरोबर आहे. वरचा स्वर तपासू नये, घाबरलेलं मूल तिथे जोर लावतं. रोज दिवसातून पाच-सहा वेळा, खेळता खेळता, ‘तुझा सा दाखव’ म्हणायचं आणि पेटीवर पडताळायचं. महिनाभरात बहुतेक मुलांना तो जवळजवळ अचूक लागतो.

माइक. हातात धरायचा नेहमीचा माइक, उदाहरणार्थ शुअरचा एसएम ५८, सुमारे ३०० ग्रॅमचा असतो. सहा वर्षांच्या हाताला दोन मिनिटांनी तो जड होतो आणि माइक हळूहळू छातीकडे सरकतो. आवाज बारीक झाला की साउंडवाले भैया आवाज वाढवतात आणि स्पीकरमधून शिटी सुरू होते. घरी तेवढ्याच वजनाची पाण्याची बाटली धरून सराव करून घ्या. कोपर अंगाला टेकलेलं, माइक हनुवटीच्या किंचित वर, तोंडापासून दोन बोटांवर, तिरका. जाळीला मूठ लावू द्यायची नाही. जाळीच्या मागच्या बाजूनेही माइक हवा घेतो, त्यावरच त्याचं ‘समोरचंच ऐकायचं’ हे काम चालतं. ती जागा झाकली की तो चहूकडचं ऐकतो आणि शिटी मारतो. वरच्या स्वराला माइक लांब नेण्याची लकब मोठ्यांची असते. मुलांना ती शिकवू नये असं मला ठामपणे वाटतं. मुलं माइक हातभर लांब नेतात आणि तो स्वर ऐकूच येत नाही. अंतर कायम ठेवावं, बाकी मिक्सरवर होतं.

स्टँड हवा असेल तर आडव्या दांडीचा मागा. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ सेंटिमीटर, तोंड मीटरभर उंचीवर. सरळ स्टँड तिथवर येतो, पण नेमका चेहऱ्यासमोर उभा राहतो आणि कॅमेऱ्यात मुलाचं तोंड दिसत नाही. माइक उंच राहिला तर आणखी वाईट. हनुवटी वर जाते आणि गळा आवळतो.

साउंडवाल्या भैयांना तीन गोष्टी सांगायच्या. एक, लो कट (खालचे जाड आवाज गाळणारं बटण) १५० हर्ट्झला. काळी पाचवर गाणाऱ्या मुलाचा सगळ्यात खालचा स्वर २२० हर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे आवाजाचं काही जात नाही, हाताची खरखर आणि मांडवाची गुरगुर तेवढी निघते. दोन, एको बंद. मांडवात एको वाढवायची हौस असते, पण मुलाला आपलाच शब्द मागून ऐकू आला की लय सुटते. तीन, मुलासमोर मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर). आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मूल स्पीकरच्या मागे उभं असेल आणि समोरची भिंत १७ मीटरवर असेल, तर भिंतीवरून परतलेला आवाज त्याला सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा मिळतो. मूल त्या आवाजाला धरून गातं आणि दर ओळीला मागे पडतं. मॉनिटरमध्ये ठेका आणि सूर ठळक, मुलाचा स्वतःचा आवाज मध्यम. स्वतःचा आवाज फार मोठा आला तर मूल दबून गातं, अजिबात नाही आला तर ओरडतं.

टीव्हीवर कानातला मॉनिटर देतात. मोठ्यांचे रबरी गोळे मुलांच्या कानातून गळतात, लहान मापाचे आधीच मागून घ्या. एका कानातला पडला की उरलेल्या कानात आवाज वाढवून मागितला जातो, ते होऊ देऊ नका. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे, आणि आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो.

परकर-पोलकं घालणार असाल तर कॉलरला लावायचा छोटा माइक जरीवर लावू नका, जर कडक असते आणि प्रत्येक श्वासाला घासते. हातात माइक असेल तर त्या हातात बांगड्या नकोत. नथ तर नकोच, ती जाळीवर टकटक वाजते आणि ते रेकॉर्डिंगमधून काढता येत नाही.

आता आपल्या इंदूरकर मुलांचा खास प्रश्न, उच्चार. घरी मराठी, शाळेत हिंदी, रस्त्यावर हिंदी. मराठी गाणं म्हणताना ‘कळी’ची ‘कली’ होते, ‘ज्ञानेश्वर’ ‘ग्यानेश्वर’ होतात, ‘कृष्ण’ ‘क्रिष्ण’ होतो. सगळ्यात लपून राहणारी चूक ‘च’ आणि ‘ज’ची. ‘हे जग सुंदर आहे’ मधला ‘ज’ टाळूला जीभ लावून, आणि ‘मनसोक्त जग’ मधला दातांमागे. हिंदीत फक्त पहिला आहे, म्हणून मुलं ‘जगणं’, ‘जरा’, ‘चांदणं’ सगळं हिंदी वळणाने म्हणतात. पुण्या-मुंबईच्या परीक्षकांना ते पहिल्या ओळीत कळतं. गाण्याचा कागद घ्या, दातांमागच्या प्रत्येक ‘च’-‘ज’खाली टिंब द्या, ‘ळ’भोवती गोल करा आणि आठवडाभर चाल न लावता नुसतं वाचून घ्या. आजी असेल तर हे काम तिच्याकडे द्यावं.

२००८-०९ च्या मराठी ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’चे भाग या दृष्टीने पुन्हा बघण्यासारखे आहेत. आळंदीची कार्तिकी गायकवाड, जी पुढे विजेती झाली, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत, पुण्याची आर्या आंबेकर. पाच गळे, पाच तऱ्हा. मागे वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजत होता आणि ज्याच्या त्याच्या गळ्याला शोभणारं गाणं निवडलेलं असायचं. मुग्धा त्यांच्यात सगळ्यात लहान, तिची गाणी आणि कार्तिकीची गाणी एकापाठोपाठ ऐकून पाहा. गाणी निवडणाऱ्याने गळे ऐकलेले आहेत हे समजतं.

मंचाचा सराव कॅमेऱ्याआधी झालेला असावा. १४ डिसेंबर १९६९ ला सुलिव्हनच्या शोमध्ये जॅक्सन फाइव्ह गायले तेव्हा मायकल ११ वर्षांचा होता, पण १९६७ मध्येच या भावांनी न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरची हौशी कलाकारांची स्पर्धा जिंकलेली होती. आपल्याकडे गल्लीतला गणपती, कोजागिरी, नवरात्र एवढं पुरे. तेच गाणं, त्याच पट्टीत, वेगवेगळ्या माइकवर किमान दहा वेळा लोकांसमोर झाल्याशिवाय ऑडिशनचा फॉर्म भरू नये.

खाण्याचं थोडक्यात. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सराफ्यातलं चटकमटक खाणं नको. तळलेलं-तिखट खाऊन लगेच झोपलं की आम्ल घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज घोगरा निघतो. गाण्याआधी दोन तास साधं खाणं, पोहे चालतील, वरची शेव काढून. नंतर कोमट पाण्याचे घोट.

मुंबईला शूटिंग असेल तर कायद्याचा कागद बघा. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली, २०१७ ला नियम आले. १४ वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्तही नाही. जिथे शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची असते. मुलाच्या कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत गेला पाहिजे. परवानगीची प्रत मागा, मागायला लाजू नका.

मुलगा बारा-तेराच्या पुढे असेल तर पट्टीचा हिशेब दर महिन्याला नव्याने करावा लागतो. आवाज फुटायला लागला की वरचे स्वर आधी फाटतात आणि पूर्ण बदल होईतो गळा साधारण सप्तकभर खाली येतो. मुलींचाही आवाज उतरतो, पण दोन-तीन स्वरांनीच. या काळात जुना ट्रॅक लावून ‘पूर्वी तर येत होतं’ म्हणत गायला लावू नये, सूज येऊन नुकसान होतं. रियाज रोज पंधरा-वीस मिनिटं, मधल्या पाच-सहा स्वरांतच, तोंड मिटून किंवा हलक्या ‘ऊ’कारात. स्पर्धेचं आमंत्रण आलं तर नम्रपणे पुढच्या वर्षावर ढकला. पेटीच्या खोक्यात एक छोटी वही ठेवा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी, मूल दमलेलं असताना, तीन गोष्टी लिहा: तारीख, सगळ्यात खालचा स्वर, सगळ्यात वरचा स्वर.